आईच्या बिछान्याखालची बॅटरी : मोटारहोममध्ये चार्जर बसवण्याच्या नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

पानशेतहून आज सकाळीच परतलो. दोन रात्री राहायचं ठरलं होतं, एकच काढली.

पहाटे तीनच्या सुमारास आईनं हाक मारली. "अगं, अंडं कुजल्यासारखा वास येतोय." गाडी एका शेतघराच्या आवारात उभी होती आणि त्यांच्या शेडमधून वायर ओढून चार्जर लावलेला होता. वास आईच्या बिछान्याखालून येत होता. दादा उठला आणि त्याचा हात सवयीनं दिव्याच्या बटणाकडे गेला. मी ओरडून थांबवलं. घरात गॅसचा वास आला की आपण जे करतो तेच इथं करायचं होतं : बटण दाबायचं नाही, पंखा लावायचा नाही, दारं-खिडक्या उघडायच्या आणि माणसांना बाहेर काढायचं. आईला शाल गुंडाळून बाहेर खुर्चीवर बसवलं. चार्जरचा प्लग गाडीतून न काढता शेडमधल्या बोर्डावरून बंद केला. अर्धा तास कुणी आत गेलं नाही.

नंतर बिछान्याची फळी उचलली. बॅटरीच्या कुशीवर हात ठेववेना इतकी तापली होती आणि एक बाजू फुगून प्लायला टेकली होती.

ही गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. दादानं दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली. आधीच्या मालकानं मोटारहोम करून आरटीओची परवानगी घेतलेली आहे, आरसीवर तशी नोंद आहे. पलंग, ओटा, फ्रिज सगळं नीट आहे. विजेचं काम मात्र कुणी आणि कसं केलं हे आम्ही कधी उघडूनच पाहिलं नव्हतं. आईला रात्री सीपॅपचं मशीन (झोपेत श्वासनलिका उघडी राहावी म्हणून दाबानं हवा देणारं) लागतं, म्हणून गाडीत बॅटरी हवीच. ती काढून टाकणं हा पर्याय नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मामा सकाळी नऊलाच आले. त्यांनी तीस वर्षं परवानाधारक वायरमन म्हणून काम केलंय. मी भोसरीत मापन उपकरणांच्या कॅलिब्रेशनचं काम करते. दोघं मिळून सगळं उलगडलं.

बॅटरी १५० अँपिअर-अवरची (एक अँपिअर करंट एक तास म्हणजे एक अँपिअर-अवर) ट्युब्युलर, घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशी, पाणी घालायची. रात्रभर थंड झाल्यावर व्होल्टेज १०.४. धडधाकट बॅटरी विश्रांतीत १२.६-१२.७ दाखवते. अशा बॅटरीत सहा सेल, एका सेलचे दोन-सव्वादोन व्होल्ट धरले तर एक सेल गेला हे आकड्यावरूनच कळत होतं. ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरनंही तेच सांगितलं : पाच सेल १.२४०च्या आसपास, सहावा १.१०० च्या खाली. प्लेटा उघड्या पडल्या होत्या.

घडलं ते असं. चार्जर गॅरेजमध्ये वापरतात तसला साधा ट्रान्सफॉर्मरवाला. त्याला बॅटरी भरली की थांबायचं हे ठाऊकच नाही. एक सेल आतून शॉर्ट झाला, त्यामुळे सहा सेलसाठीचा दाब पाच सेलांवर पडला. भरलेले सेल उकळले. उकळले म्हणजे त्यांच्यातल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन झाले. अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा, तो बॅटरी फार तापल्यावर येतो. हायड्रोजनला मुळात वासच नाही.

हिशेब करून पाहिला. बॅटरी भरल्यानंतर घातलेल्या प्रत्येक अँपिअर-अवरमागे एका सेलमधून साधारण ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. सहा सेलांचे अडीच लिटर. पाच तास दहा अँपिअर जात राहिला असेल, तर सव्वाशे लिटर. पाच सेल धरले तरी शंभराच्या वर. बिछान्याखालची जागा मोजली, पाचशे लिटरच्या आसपास. हवेत हायड्रोजन चार टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. पाचशे लिटरचे चार टक्के म्हणजे वीस लिटर.

बराचसा वायू फळ्यांच्या फटींतून निघून गेला असणार. पण त्या फळीवर आई झोपली होती, आणि मी दोन वर्षं तिला तिथंच झोपवत होते. ही नोंद लिहून ठेवतेय ती त्यासाठी.

बाकी सापडलेलं : चार्जरपासून बॅटरीपर्यंतची वायर घरात दिव्यांना वापरतात ती अडीच स्क्वेअरची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची. फ्यूज कुठेच नाही. चार्जरच्या प्लगची मोठी पिन, म्हणजे अर्थिंगची, करवतीनं कापलेली. दोन छिद्रांच्या बोर्डात बसावा म्हणून. आणि चार्जरचा प्लग ज्या सॉकेटमध्ये होता तो इन्व्हर्टरच्या आउटपुटवर. बाहेरची वीज नसली की इन्व्हर्टर बॅटरीतून वीज घ्यायचा, ती चार्जरला द्यायचा, चार्जर तीच परत बॅटरीत घालायचा आणि प्रत्येक फेरीत थोडी उष्णता होऊन वाया जायची. "उभ्या गाडीत बॅटरी आपोआप उतरते" असं दादा वर्षभर म्हणत होता, त्याचं कारण हे.

मामांनी कापलेली पिन बोटांत धरून विचारलं, "पावसाळ्यात दाराला हात लावल्यावर मुंग्या यायच्या का रे?" दादा गप्प झाला. आई म्हणाली, "यायच्या की. गेल्या श्रावणात दोनदा आल्या." तेव्हा आम्ही ते हवेवर ढकललं होतं. अर्थिंग नसलेल्या चार्जरच्या पेटीतून करंट गाडीच्या पत्र्यात उतरत होता. टायर रबराचे, त्यामुळे पत्र्यातून तो जमिनीत जाऊ शकत नाही. ओल्या चिखलात पाय ठेवून दाराची कडी धरणारं माणूसच त्याला वाट करून देतं.

जुनी बॅटरी दुकानदार परत घेतो, २०२२च्या नियमांनुसार ती भंगारात टाकायची नसते. वाळूच्या ट्रेमध्ये ठेवून पोचवली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चार्जर निवडायच्या आधी बॅटरी ठरली पाहिजे, आणि बॅटरीच्या आधी खर्च. क्लॅम्प मीटर लावून प्रत्येक वस्तू मोजली. सीपॅप बारा व्होल्टच्या कन्व्हर्टरवर, ह्युमिडिफायर बंद ठेवून : सरासरी अडीच अँपिअर, आठ तासांचे वीस. पंखा दीड अँपिअर, आठ तासांचे बारा. फ्रिज चालू असताना चार, पण तो दिवसातला चाळीस टक्के वेळच चालतो, म्हणजे चोवीस तासांचे अडतीस. दिवे-मोबाइल पाच-सहा. एकूण पंचाहत्तर.

लेड-ॲसिडची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून १५० अँपिअर-अवर. ट्युब्युलर परत नको. खंबाटकीच्या वळणांवर तिचं ॲसिड हिंदकळतं आणि राहत्या जागेत पाणी घालत बसणं मला पटत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचा विचार बराच केला. वजन तिसरा हिस्सा आणि खोलवर वापरता येते. पण तिला चार्जर वेगळा, इंजिनच्या अल्टरनेटरकडून भरायला डीसी-डीसी चार्जरही वेगळा आणि यंदाच्या बजेटमध्ये दोन्ही बसत नाहीत. एजीएम, म्हणजे ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी, घ्यायचं ठरलं. ही सीलबंद असते, पण सीलबंद म्हणजे वायू कधीच सोडत नाही असं नव्हे. जास्त चार्ज झाला की तिचेही व्हॉल्व्ह उघडतात, आणि तिच्यातून गेलेलं पाणी परत घालता येत नाही.

तिच्या पत्रकात २५ अंशांना चार्जिंग १४.४ ते १४.७ व्होल्ट आणि भरल्यावर धरून ठेवायला १३.६. करंट क्षमतेच्या वीस टक्क्यांपर्यंत निवांत. म्हणजे ३० अँपिअरचा चार्जर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बुधवार पेठेत, तपकीर गल्ली. गाडी लांब लावून चालत गेलो, तिथं दुसरा उपाय नाही.

चार्जरच्या डब्यावर "ऑटोमॅटिक" सगळेच छापतात. मामा आणि मी प्रत्येक दुकानात तेच चार प्रश्न विचारत होतो. बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे सेटिंग बदलतं का? तापमानाचा सेन्सर वायरनं बॅटरीपर्यंत नेता येतो का? पेटीला अर्थिंगचा स्क्रू आहे का? २३० व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू आतून पूर्ण वेगळ्या आहेत का? तिसऱ्या दुकानातल्या तरुणानं उत्तरं न देता सरळ माहितीपत्रक काढून समोर ठेवलं. त्याच्याकडून घेतला.

वायरच्या दुकानात मात्र जे पाहिलं ते कायम लक्षात राहील. सोळा स्क्वेअरची मऊ वायर हवी होती. दुकानदारानं दोन गुंडाळ्या टाकल्या, एक निम्म्या किमतीची. दोन्हींची टोकं सोललेली, दोन्ही लालसर झळकत होत्या. मामांनी स्वस्त वायरीतली एक तार सुटी केली, खिशातलं ब्लेड तिच्यावर आडवं धरलं आणि नखाएवढ्या अंतरावर हलकेच खरवडलं. लाल रंग धुळीसारखा ब्लेडवर आला आणि खालची तार पांढरी. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. मग महागातली तार खरवडली. ती खोलवर लालच राहिली, कडेला तांब्याची बारीक किनार उठली. दुकानदार काही बोलला नाही, स्वस्त गुंडाळी उचलून खाली ठेवली.

ॲल्युमिनियमची वाहकता त्याच जाडीत तांब्याच्या साठ टक्केच, आणि ते दाबाखाली हळूहळू सरकतं, त्यामुळे घट्ट आवळलेला जोड काही महिन्यांत ढिला पडतो. धावत्या गाडीत तर लवकरच.

थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोकं, कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या घेतल्या. फ्यूज होल्डर, ४० अँपिअरचे तीन फ्यूज, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). प्लायचा तुकडा आणि स्क्रू बोहरी आळीतून.

२० फेब्रुवारी, गुरुवार

महावितरणची गुरुवारची देखभाल, दिवसभर वीज नाही. ड्रिल चालणार नव्हतं, म्हणून आज फक्त जागा ठरवल्या. हाच दिवस सगळ्यात मोलाचा ठरला असं मला वाटतं, कारण अवजार हातात असलं की हात डोक्याच्या पुढे पळतात.

बॅटरीची जागा आईच्या बिछान्याखालून हलवली. आता ती मागच्या दारालगतच्या कप्प्यात, ज्याचं झाकण बाहेरून उघडतं. कप्प्याची राहत्या बाजूची भिंत सील करायची. हायड्रोजन हवेपेक्षा चौदापट हलका, तो वर जातो. म्हणून कप्प्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यातून बाहेर जाणारं भोक आणि खाली हवा आत यायला दुसरं. गॅसचा सिलिंडर आधीच पलीकडच्या बाजूला वेगळ्या कप्प्यात आहे. त्याचं छिद्र तळाला, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. दोन वायू, दोन उलट्या सवयी. एका कप्प्यात दोघांना ठेवायचं नाही.

दादाला चार्जर बॅटरीच्या बरोबर वर हवा होता, जागा वाचते म्हणून. नको म्हटलं. बॅटरीतून निघालेलं काहीही थेट चार्जरच्या पंख्यात जाईल. रिलेची एक ठिणगी पुरते. शिवाय ३० अँपिअर आणि १४.४ व्होल्ट म्हणजे ४३० वॅट बाहेर पडतात, त्यासाठी आत जवळपास ४९० वॅट जातात. मधले साठ वॅट उष्णता. जुना साठचा बल्ब बंद कपाटात तासन्‌तास पेटवून ठेवण्यासारखं आहे ते. चार्जर शेजारच्या कप्प्यात उभा बसवायचा, चारही बाजूंना चार बोटं जागा सोडून. प्लायवर थेट नाही, मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा. बॅटरीपासूनचं वायरचं अंतर दोन मीटरच्या आत.

२३ फेब्रुवारी, रविवार

बारा व्होल्टची बाजू.

बारा व्होल्टला माणसं घाबरत नाहीत कारण झटका बसत नाही. मामांनी डाव्या हाताची अनामिका पुढे केली. मुळाशी अंगठीच्या रुंदीचा पांढरा, गुळगुळीत वळ आहे. पंचवीस वर्षांपूर्वी ट्रकच्या बॅटरीवर पाना फिरवताना अंगठी आणि पाना मिळून सर्किट पूर्ण झालं. बॅटरीतून क्षणात शेकडो अँपिअर निघतात. सोनं लाल झालं, काढायला वेळच मिळाला नाही. मी बांगड्या आणि मंगळसूत्र काढून आईकडे दिलं. पान्याच्या मुठीला सायकलच्या ट्यूबचं आवरण घातलं. चष्मा चढवला.

वायरचा हिशेब : जाऊन-येऊन चार मीटर, ३० अँपिअर, सोळा स्क्वेअर. व्होल्टेज पडतं ०.१३. जुनी अडीचची वायर ठेवली असती तर ०.८ पेक्षा जास्त पडलं असतं. म्हणजे चार्जर १४.४ देतोय आणि बॅटरीला १३.६ मिळतंय असं झालं असतं. कायम अर्धपोटी राहिलेली बॅटरी प्लेटांवर सल्फेट धरून लवकर मरते.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून एका वितीत. तो कशासाठी असतो याबद्दल दादाचा गैरसमज होता, तो बऱ्याच जणांचा असतो. फ्यूज चार्जरला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. चार्जर बंद असला तरी बॅटरी त्या वायरीच्या टोकाला बसलेलीच आहे. वायर कुठे पत्र्याच्या कडेवर घासून सोलली तर करंट बॅटरीकडून येणार, म्हणून फ्यूज त्याच टोकाला. फ्यूजच्या आधीची वीतभर वायर कोणी सांभाळत नाही, तिला जाड रबरी नळीत घातलं. पत्र्यातून जाते तिथं ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं.

थिंबल हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबल्या. प्रत्येक जोड दाबल्यावर थिंबल व्हाइसमध्ये धरून वायर अंगाच्या जोरानं ओढायची, हलली तर कापून नवीन. आठांपैकी एक हलली. लावताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. काढताना निगेटिव्ह आधी. गाडीचा सगळा सांगाडा निगेटिव्ह आहे, ती बाजू सुटी असेल तर पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही.

२ मार्च, रविवार

२३० व्होल्टची बाजू. आज मुख्य हात मामांचा, मी मदतीला. ज्यांना याचा परवाना आणि सराव नाही त्यांनी ही बाजू स्वतः करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडीच्या बाजूला निळा तीन पिनांचा इंडस्ट्रियल इनलेट, पावसाचं पाणी न जाणारा, झाकणाचा. बाहेरची केबल पंधरा मीटर, तीन कोरची, अडीच स्क्वेअर. एका टोकाला निळा सॉकेट, दुसऱ्या टोकाला सोळा अँपिअरचा पॉवर प्लग. इनलेटपासून आत सगळ्यात आधी दोन पोलचा आरसीबीओ (जादा करंट किंवा करंटची गळती झाली की पडणारा खटका), १६ अँपिअर, गळतीसाठी ३० मिलिअँपिअर. दोन पोलचाच का? शेतावरच्या, ढाब्यावरच्या बोर्डात फेज आणि न्यूट्रल उलटे असतात हे मामांनी आयुष्यभर पाहिलंय. एक पोल तोडणारा खटका अशा ठिकाणी न्यूट्रल तोडतो आणि गाडीत फेज जिवंत राहतो.

मग अर्थिंग. इनलेटची हिरवी वायर, चार्जरची पेटी आणि गाडीचा सांगाडा, तिन्ही एका बोल्टावर. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. मोजलं, दाराच्या कडीपासून प्लगच्या मोठ्या पिनेपर्यंत ०.२ ओहम. आता पत्र्यात करंट उतरला तर अर्थच्या वायरीनं परत जाईल आणि ३० मिलिअँपिअरला खटका पडेल. आईच्या हातातून वाट शोधणार नाही.

चार्जरची जोडणी इन्व्हर्टरच्या आधी, फक्त बाहेरच्या विजेवर. ती जुनी फेरी संपली.

आरसीबीओचं टेस्ट बटण तीनदा दाबलं, तिन्ही वेळा पडला.

८ मार्च, शनिवार

पहिलं चार्जिंग. आदल्या दोन दिवसांत गाडी नेहमीसारखी वापरून बॅटरी मुद्दाम निम्म्यावर आणली. विश्रांतीनंतर १२.२ व्होल्ट. आधी डीसीच्या जोडण्या तपासल्या, मग बाहेरची वीज सुरू केली. हा क्रम आता पक्का : लावताना बॅटरी आधी आणि वीज नंतर, काढताना वीज आधी. उलट केलं की बॅटरीच्या तोंडाशी ठिणगी पडते.

९.१० : २९ अँपिअर, १२.९ व्होल्ट
१०.१० : २९ अँपिअर, १३.८
१०.५५ : १४.४ ला पोचलं, इथून व्होल्टेज स्थिर, करंट उतरू लागला
१२.०० : ११ अँपिअर
१.०० : ६
२.३० : अडीच अँपिअर, चार्जर स्वतःहून १३.६ वर आला

करंट क्षमतेच्या दोन टक्क्यांच्या खाली गेला की बॅटरी भरली असं धरतात, दीडशेचे तीन. बरोबर वागला. शेवटच्या पंधरा टक्क्यांना पहिल्या पस्तीसपेक्षा जास्त वेळ लागला. "दिवा हिरवा होईना" म्हणून मधेच काढायची घाई करू नये, ती शेवटची मुदतच बॅटरीला टिकवते.

पण दहा वाजता, करंट पूर्ण जोरात असताना, मी प्रत्येक जोडावर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला. वायर ३७ अंश. फ्यूजच्या डाव्या बाजूची थिंबल ३९. उजव्या बाजूची ६८. बाहेरून दोघी जुळ्या. तशीच चमक, तसाच ठसा, ओढून पाहिलेल्या. वीज बंद न करता मल्टिमीटरच्या पिना जोडाच्या दोन्ही बाजूंना टेकवल्या. डावीकडे ३ मिलिव्होल्ट, उजवीकडे ६०. साठ मिलिव्होल्ट गुणिले तीस अँपिअर म्हणजे जवळपास दोन वॅट, करंगळीच्या पेराएवढ्या जागेत, तासन्‌तास.

चार्जर थांबवून बोल्ट उघडला. वॉशर चुकीच्या क्रमानं बसला होता, थिंबल आणि फ्यूजच्या मध्ये. करंट पोलादी वॉशरातून वाट काढत होता. तो मीच बसवला होता. वॉशर वर घेतला, दोन्ही पृष्ठं घासून आवळलं : ४ मिलिव्होल्ट, ४० अंश. आता दर जोडाला मिलिव्होल्टमध्ये मोजल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही, असं मामा आणि मी ठरवलं. ओढून पाहण्यानं हे कधीच कळलं नसतं.

१६ मार्च, रविवार

उन्हाची परीक्षा. गाडी दुपारभर धायरीत उघड्यावर उभी. बाहेर ३७, बॅटरीच्या कप्प्यात ४५.

बॅटरी जितकी गरम तितकं तिला कमी व्होल्टेज हवं. बारा व्होल्टच्या बॅटरीला अंशामागे साधारण २४ मिलिव्होल्ट कमी. वीस अंश जास्त म्हणजे अर्धा व्होल्ट, १४.४ च्या जागी १३.९. चार्जर १४.१ दाखवत होता. सेन्सर तपासला तर तो बॅटरीवर नसून कप्प्याच्या बाहेरच्या गार भिंतीवर चिकटवलेला. दादानं वायर पुरेना म्हणून तिथं लावला होता. वायर वळवून घेतली, सेन्सरची थिंबल बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर बोल्टाखाली. तासाभरानं १३.९.

पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये सेन्सर नसलेला चार्जर रोज थोडा थोडा जास्त चार्ज करत राहील. ते त्या रात्रीसारखं अंगावर येणार नाही, पण बॅटरी आतून सुकत जाईल.

२९ मार्च, शनिवार

वाईच्या पुढे, धोमच्या बाजूला एका शेतावर मुक्काम. मालक अगत्यशील. बोर्ड विहिरीच्या पंपाशेजारी.

केबल लावायच्या आधी मामांनी सिरीज बल्ब, म्हणजे दोन वायरी जोडलेला तपासणीचा बल्ब, काढला. फेज-न्यूट्रल : लख्ख. फेज-अर्थ : काहीच नाही. ही परीक्षा करताना कुणी पंपाला किंवा लोखंडी पाइपला हात लावून उभं राहायचं नाही, कारण अर्थिंग तुटलेलं असेल तर बल्बातून फेज तिथवर पोचतो. आणि समोर चांगला आरसीसीबी (गळतीला पडणारा खटका) असेल तर बल्ब लावताच तो पडतो, ती तक्रार नसून शुभवर्तमान आहे. इथं दोन्ही नव्हतं. अर्थची पिन नुसती शोभेला.

मालक म्हणाले, "आमचा पंप वर्षानुवर्षं चालतोय की." मामांनी त्यांना अदबीनं सगळं समजावलं. आम्ही केबल लावलीच नाही. बॅटरी भरून आणली होती, तेवढी पुरणार होती. फ्रिज बंद केला, दूध त्यांच्या घरी ठेवलं.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

आईचं मशीन सात तास चाललं. सकाळी १२.५ व्होल्ट. मागच्या शिडीला छोटी गुढी बांधली, तांब्या आईनं पालथा घातला. कडुलिंब मालकांनी आणून दिला. दहाच्या सुमारास त्यांनी मामांना पंपाचं अर्थिंग बघायला बोलावलं, जमिनीतली पट्टी गंजून तुटलेली निघाली. मामा दुपारपर्यंत तिथंच होते.

५ एप्रिल, शनिवार

तीनशे किलोमीटर धावल्यानंतरची तपासणी. डीसीचे आठही जोड मोजले, सगळे ५ मिलिव्होल्टच्या आत. फ्यूजचा एक बोल्ट पाव फेरा आवळला गेला. कप्प्याच्या वरच्या भोकात कोळिष्टक, काढलं. आता बारीक जाळी बसवायची. बाहेरची केबल वापरताना पूर्ण उलगडायची हे दादाला परत सांगितलं. गुंडाळीत ठेवली की मधले वेढे तापतात.

गाडी उभी असताना चार्जर कायम लावून ठेवायचा नाही असं ठरलं. महिन्यातून एकदा व्होल्टेज बघायचं, १२.६ च्या खाली गेलं तर दिवसा, कुणी जागं आणि आसपास असताना लावायचं. इंजिनकडून चार्जिंगचं काम पावसाळ्यानंतर.

आईच्या बिछान्याखालची मोकळी झालेली जागा तिनं ताब्यात घेतली आहे. तिथं आता दोन गोधड्या आणि पापडांचा डबा आहे.

पुढची तपासणी ३ मे.